सील तोडायची परवानगी

पळसकुंड तांड्यावर तंटा मिटवायला दोन गोष्टी लागत: सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढचा सिमेंटचा ओटा, आणि पूनमसिंग आडे. ओट्याला तडे गेले होते. पूनमसिंगचं वरून तसं काही दिसत नव्हतं.

तो तांड्याचा नायक. बाप नायक होता, आजा नायक होता, आणि मीठ-धान्याच्या गोण्या लादलेले लदेणीचे बैल हाकत हे लोक या मुलखात आले तेव्हा सगळ्यात पुढच्या बैलाशेजारून जो चालत होता तोही, घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आडेच होता. तांड्याची रीत अशी, की दोन्ही बाजूंनी ओट्यावर आपापलं म्हणणं मांडायचं, नायकानं ते ऐकून घ्यायचं आणि मान हलवायची. मान हलली की विषय संपला. पुन्हा विचारायचं नाही. पुन्हा विचारणं म्हणजे नायकाला पहिल्यांदा कळलं नाही, असं चारचौघांत म्हणणं. ही रीत पाडणाऱ्यांचे कान बहुधा चांगले असावेत.

पूनमसिंगचे साठीनंतर जायला लागले. आधी उजवा, मग त्याच्या मागोमाग डावा. मुलगा जीवन यवतमाळला पतसंस्थेत नोकरीला होता. त्यानं वडलांना एका चांगल्या दुकानात नेऊन कानाचं मशीन घेऊन दिलं. चिंचोक्याएवढं, कातडीच्या रंगाचं. त्यात सेल बदलायची भानगड नव्हती. झोपताना एका पांढऱ्या डबीत ठेवायचं, डबीला वायर लावायची, हिरवा दिवा लागला की समजायचं काम झालं. गिऱ्हाइकाला कधी काही उघडायची गरजच पडू नये, अशी त्याची रचना होती, असं दुकानदारानं अभिमानानं सांगितलं.

मशीन लावून तो तांड्यावर आला त्या दिवशी त्याच्या बायकोनं, मोतीबाईनं, आल्यागेल्याला चहा पाजला. लोक एकेक करून समोर येत आणि हळू आवाजात काहीबाही बोलून पाहत. उकंडा जाधवानं तर शिवी देऊन पाहिली आणि ती पोचल्यावर टाळ्या वाजवल्या. पूनमसिंगला दाराशी बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घुंगरं कित्येक वर्षांनी ऐकू आली, आणि त्या आनंदात त्यानं बकरीला मोतीबाईदेखत थोपटलं.

वर्ष-सव्वा वर्षानं मशीन बंद पडलं.

तो एकटाच एस्टीनं यवतमाळला गेला. दुकानात पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती. तिनं मशीन कशाला तरी जोडून पाहिलं, मग त्याच्या कानाशी येऊन, बाहेरच्या रिक्षावाल्यालाही कळेल अशा आवाजात सांगितलं, "बाबा, आतली बॅटरी गेली आहे. ती बदलता येत नाही. कंपनीनं हे मॉडेल बंद केलं. नवीन घ्यावं लागेल."

"दुरुस्त नाई होत?"

"हे दुरुस्त करायचं नसतं बाबा. बदलायचं असतं."

बाकावरची माणसं त्याच्याकडं पाहत होती. एका बाईनं तर कीव आल्यासारखं तोंड केलं. आपल्याबद्दलचं काही सगळ्यांदेखत मोठ्यानं बोललं जावं, याची पूनमसिंगला सवय नव्हती; ती सवय त्यानं आजवर दुसऱ्यांना लावली होती. "पोराले विचारून येतो," असं सांगून तो बाहेर पडला. पोरगं त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पतसंस्थेत बसलं होतं. तो उलट्या दिशेनं स्टँडवर गेला.

दिग्रसला त्याचा लांबचा भाचा बबलू मोबाइल दुरुस्त करत असे. बबलूनं डोळ्याला भिंग लावून मशीन उलटंपालटं केलं.

"मामा, याले शिवनच नाई."

"काय म्हनतं?"

"शिवन नाई म्हनतो, जोड!" बबलू ओरडला. "मोबाइल कसा, गरम केला का उघडते. याच्यात उघडाले जागाच ठेवली नाई त्याईनं. कापू शकतो. पन मंग बंद होनार नाई."

"कापू नको."

"नाई कापलं तरी मेलेलंच हाय ना मामा ते."

"मेलेलं असू दे. अख्खं हाय."

आणि ते अख्खं मशीन त्यानं कानात घातलं आणि घरी आला. जीवनला सांगायचं म्हणजे त्यानं हौसेनं केलेल्या गोष्टीचं मातेरं झालं असं सांगायचं. मोतीबाईला सांगायचं म्हणजे तो चहा परत मागायचा. आणि तांड्याला सांगायचं म्हणजे काय, ते त्याला नीट ठरवताच आलं नाही, म्हणून त्यानं तो विषय पुढं ढकलला. रोज झोपताना तो मशीन डबीत ठेवी. डबीचा हिरवा दिवा लागे. डबी ठणठणीत होती.

बहिऱ्या माणसाचं निम्मं ऐकणं डोळ्यांत असतं. पूनमसिंग ओठ वाचायला शिकला. बायकांचं बरंच कळे, पोराटोरांचं थोडं. मिशा जाड असणाऱ्यांचे तंटे मात्र त्याला अजिबात कळत नसत, आणि तांड्यावर तंटे मुख्यतः मिशावालेच करत. उकंडाचा आणि त्याच्या पुतण्याचा, विक्कीचा, शेताच्या धुऱ्यावरून, दोघांमधल्या बांधावरून, वाद आला तेव्हा उकंडाच्या मिशीकडं बराच वेळ पाहून त्यानं मान हलवली आणि धुरा उकंडाला गेला. पूर्वी नायक मधे मधे प्रश्न विचारत असे. आता विचारत नाही, म्हणजे वयानं माणूस गंभीर झाला, असा अर्थ निघाला. निदान त्याला तरी तसं वाटलं.

हिवाळ्यात दिग्रसच्या बाजार समितीत ग्राहक दिनाचा कार्यक्रम झाला. शेजारच्या गावच्या भगवानराव गावंडे यांची पुतणी वैष्णवी वकील होती. तिनं तो ठेवला होता. तांडा आणि गाव मिळून काढलेल्या अवजार बँकेचा अध्यक्ष म्हणून पूनमसिंगला मंचावर बसवलं. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दुरुस्तीचा हक्क: वस्तू तुमची, तर उघडायचा अधिकारही तुमचाच'. वैष्णवी पुष्कळ वेळ बोलली. पूनमसिंगला तिची पाठ दिसत होती, त्यामुळं काही कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तोही वाजवी. एकदा त्यानं एकट्यानंच वाजवल्या. नंतर पत्रक वाटलं, ते त्यानं एस्टीत बसून सावकाश वाचलं. कंपन्या सुटे भाग देत नाहीत, माहिती देत नाहीत, सील लावून ठेवतात. सरकारनं त्यासाठी एक संकेतस्थळ काढलं आहे, कायदा अजून यायचा आहे. त्यात चार खाती होती: शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं, गाड्या. कान कशातच नव्हता. तसंही बंद पडलेलं मशीन कानात घालून दुरुस्तीच्या हक्काच्या सभेत मंचावर बसणाऱ्यानं कुठल्या तोंडानं तक्रार करायची, हा प्रश्न होताच. आठवड्याच्या पेपरात त्याचा टाळ्या वाजवतानाचा फोटो आला. मोतीबाईनं तो भिंतीला चिकटवला. येता-जाता त्याला तो पाहावा लागे.

पुढच्या अश्विनात, ऐन सोयाबीनच्या दिवसांत, अवजार बँकेचा हार्वेस्टर बंद पडला.

हार्वेस्टर चालवायचा सोनू पवार. त्याची आई भुरीबाई तरणी असताना विधवा झाली आणि जन्मभर ऊस तोडत राहिली. सोनूचा जन्मही सांगलीकडं ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोपीतला. बँकेनं त्याला ड्रायव्हर केलं तेव्हापासून मायलेकांचं दरवर्षी ऊसतोडीच्या ट्रकमधे चढणं थांबलं होतं. हार्वेस्टरची चावी तो कमरेच्या करगोट्याला बांधायचा. आंघोळीलाही सोडत नसावा, असं लोक म्हणत.

त्या दिवशी इंजिन चालू होतं, पण पुढचं कापायचं पातं फिरेना. पडद्यावर लाल दिवा आणि एक आकडा. त्या आकड्याचा अर्थ फक्त कंपनीच्या लॅपटॉपला कळतो, असं एजन्सीवाल्यानं फोनवर सांगितलं, आणि माणूस पाठवतो म्हणाला. माणूस येईना. आभाळ भरून येऊ लागलं. सोनूनं सीटखाली डोकं घालून पाहिलं, तर काळ्या पेटीत शिरणारी वायर उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. पेटीवर पिवळं सील होतं: उघडल्यास हमी रद्द.

दुपारी ओट्यावर घाईघाईनं बैठक बसली. बँकेचं गावाकडचं काम पाहणारे भगवानराव यवतमाळला गेले होते. बाकी बहुतेक सगळे होते. सोनू शेतातून तसाच आला. सोयाबीनचा फुपाटा नाकातोंडात जाऊ नये म्हणून त्यानं दुपट्टा बांधला होता, आणि हात ग्रीसनं भरलेले असल्यामुळं तो सोडला नाही. पूनमसिंगला दिसले दोन डोळे आणि हलणारं एक कापड. कापड पुष्कळ वेळ हललं. सोनूनं आभाळाकडं हात केला, मशीनकडं केला, मग थांबला. सगळे नायकाकडं पाहू लागले.

पोरगं कंपनीवाल्याला पुन्हा फोन करू का म्हणत असेल, असं पूनमसिंगनं धरलं. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? त्यानं मान हलवली.

सोनूनं सील तोडलं, वायर जोडली, वरून खताच्या पोत्याचं प्लास्टिक गुंडाळलं, आणि हार्वेस्टर फिरायला लागला. पूनमसिंगला घरातूनच शेतात धूळ उडताना दिसली. "कंपनीचा मानूस आला वाटते," तो समाधानानं म्हणाला. मोतीबाई भाकरी थापता थापता त्याच्याकडं पाहत राहिली.

बहुतेकांचं सोयाबीन निघालं. भगवानरावांच्या शेताच्या धुऱ्यावर हार्वेस्टर पोचला आणि आत काहीतरी मोठं तुटल्याचा आवाज झाला. हा बिघाड त्या वायरीमुळं झाला की नाही, हे कोणी सांगू शकलं नाही. कंपनीचा रजत नावाचा इंजिनिअर आला, त्यानंही ते तपासलं नाही. त्यानं सीटखालचं फाटलेलं पिवळं सील पाहिलं, त्याचा मोबाइलवर फोटो काढला, आणि तपासणी संपली. मग तो ओट्यावर आला. रजतला मिशी नव्हती, आणि कंपनीची माणसं शेतकऱ्यांशी बोलतात तसा तो सावकाश आणि मोठ्यानं बोलायचा. कित्येक महिन्यांत पूनमसिंगला अख्खंच्या अख्खं ऐकू आलेलं पहिलं वाक्य त्याचं होतं.

"काका, तुम्ही अध्यक्ष ना? हे सील तोडायची परवानगी तुम्ही दिली होती का?"

"नाई," पूनमसिंग म्हणाला. "अशी परवानगी कोन देईन?"

आपण खोटं बोलत नाही, याची त्याला पूर्ण खात्री होती. ऐकू आल्याच्या आनंदात तो जरा जोरातच बोलला.

ओट्यावरची माणसं खाली पाहू लागली. भगवानरावांचं पीक एकट्याचंच उभं होतं, आणि वर पाऊस. त्यांनी सोनूकडं हात पुढं केला. "चावी दे. नायकाले न विचारता सील तोडलं तुनं?" सोनूनं दुपट्टा खाली ओढला. मग करगोट्याची गाठ सोडून चावी सतरंजीवर ठेवली. पूनमसिंग त्याच्याकडं पाहत असताना बाजूनं भुरीबाई उठली आणि नायकाला उद्देशून काहीतरी बोलली. बोलून थांबली तेव्हा त्याचं लक्ष गेलं. सवयीप्रमाणं त्यानं मान हलवली. भुरीबाई पोराला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबाईनं चहाचा कप त्याच्या हातात दिला, समोर पाट घेऊन बसली आणि त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"सोनूनं तुमाले विचारलं होतं. सील तोडू का म्हनून."

"कवा?"

"आभाळ आलं त्या दिवशी. ओट्यावर. तुमी मान हलवली."

पूनमसिंगनं कप खाली ठेवला. कापड हलत होतं ते त्याला आठवलं.

"पायलं कोनी?"

"पायलं कोनी काय म्हनता. सगळा तांडा होता. मी बी होती."

"मंग काल कोनी काहून नाई बोललं?"

"तुमी नाई म्हनल्यावर कोन बोलन?"

हे बरोबरच होतं. रीतच तशी होती. सगळ्यांनी हो पाहिलं होतं, सगळ्यांनी नाही ऐकलं होतं, आणि दोन्ही नायकाचंच असल्यामुळं नंतरचं धरलं होतं. पूनमसिंगनं कानातलं मशीन बोटानं घट्ट बसवलं. ते पाहून मोतीबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

"काढून ठेवा ते," ती म्हणाली. "डबीचा दिवा मशीन ठेवलं नाई तरी लागते. म्या पायलं हाय करून. मागच्या पोळ्यापासून माहीत हाय मले."

त्याला वाटलं, तिनं भांडावं. ती चूल सारवायला लागली.

"भुरीबाई काय म्हनली काल?" त्यानं तिच्या पाठीला विचारलं. ती वळली, पुन्हा कानाशी आली.

"म्हनली, मंग आमी ऊसतोडीच्या टोळीत नाव देतो, नायक."

"आन मी?"

मोतीबाईनं फक्त मान हलवून दाखवली.

नायकपण करणाऱ्या माणसाला चूक दुरुस्त करायचे बरेच मार्ग ठाऊक असतात, आणि त्यातला चूक न सांगता करायचा मार्ग तो आधी धरतो. पूनमसिंग भुरीबाईच्या दारी गेला. ती अंगणात कोयते धुवून वाळत ठेवत होती. सोनू आत होता. पूनमसिंगला पाहून बाहेर आला नाही.

"मी बँकेच्या लोकाईले सांगतो," पूनमसिंग म्हणाला. "पोरगं लहान हाय, चुकी होते, माफ करा म्हनतो. चावी देऊन टाकू."

भुरीबाईला मिशी नव्हती, शब्द तोडून तोडून बोलायची तिची पद्धत होती, आणि पूनमसिंगच्या दुर्दैवानं तिचं सगळंच्या सगळं कळत असे.

"चुकी कोनाची?"

तो वाळत ठेवलेल्या कोयत्यांकडं पाहू लागला.

"माफी कायची मागता, नायक? त्यानं विचारलं, तुमी मान हलवली, त्यानं केलं. माह्यं पोरगं इचारल्याबिगर हात लावत नाई कायलेच. चोर म्हनून चावी घ्यायची, लहान म्हनून परत द्यायची?"

पूनमसिंगची मान हलायला लागली होती.

"हलवू नका," ती म्हणाली. "माह्यासमोर त नका हलवू."

तो परत आला. वाटेत उकंडा भेटला, काहीतरी बोलला, हसला. पूनमसिंगही हसला, आणि चार पावलं गेल्यावर आपण कशाला हसलो ते न कळल्यामुळं त्याचे कान तापले. त्या कानांना तेवढं एक काम अजून जमत होतं.

भगवानरावांनी मधल्या काळात वैष्णवीला गाठलं. ती रविवारी तांड्यावर आली. ओट्यावर सतरंजी पसरली, चावी मधे ठेवली, कारण ती कोणाकडं ठेवायची यावर अजून एकमत नव्हतं. सोनू आणि भुरीबाई कडेला बसले. ट्रक परवा येणार होता आणि त्यांचं सामान बांधून झालं होतं. बोलावलं म्हणून आले.

वैष्णवी पूनमसिंगच्या अगदी समोर बसली. तिला कोणीतरी सांगितलं असावं.

"काका, सील तुटलं म्हणून सगळीच हमी गेली, हे कंपनीचं म्हणणं मी सुखासुखी मान्य करणार नाही. आपण ग्राहक आयोगात जाऊ. तिथं मला मांडता येईल, की मालकांनी स्वतःची वस्तू, पीक वाचवायला, स्वतःच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतली. फक्त ते तसं झालेलं पाहिजे. ड्रायव्हरनं परस्पर उघडली असेल, तर आपलं काही चालत नाही, आणि बोट त्याच्याकडंच जाईल. म्हणून विचारते. तुम्ही त्याला हो म्हणाला होता का?"

यातला शब्द न् शब्द त्याला कळला. सगळे त्याच्या मानेकडं पाहत होते. एकदा उभी हलवली असती, तर काम झालं असतं. सोनूची चावी सोनूकडं गेली असती, वैष्णवीचा खटला उभा राहिला असता, आणि नायक त्या दिवशी रजतसमोर विसरला होता, एवढंच लोकांनी मनात म्हटलं असतं. म्हातारी माणसं विसरतात. मान त्याच्या ताब्यात होती. त्यानं ती हलवली नाही, कारण सोनू त्याच्याकडं पाहत होता, आणि त्या पोरानं हीच मान एकदा खरी धरली होती.

त्यानं मशीन कानातून काढलं. कुठं ठेवावं ते कळेना, म्हणून हातातच धरलं.

"मी मान हलवली होती," तो म्हणाला. "पन त्यानं काय विचारलं ते मले आयकू आलं नोतं. हे मशीन बंद हाय. सालभरापासून बंद हाय. मले कोनाचंच आयकू येत नाई. सोनूनं विचारलं होतं. चुकी त्याची नाई."

यापुढं काय होईल, याचा विचार त्यानं रात्रंदिवस केला होता. लोक उठून जातील, कोणीतरी पागोट्याला हात घालील, जीवनला फोन जाईल. यातलं काहीच झालं नाही. कोणाला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. माणसं एकमेकांकडं पाहत होती, आणि ती जी ओळखीची नजर इकडून तिकडं फिरली, तिच्यातून त्याला सगळं समजलं. उकंडा जवळ सरकला आणि त्याच्या कानात ओरडला.

"माहीत हाय नायक! आमाले माहीत हाय ते!"

"समद्याईले?"

"लेकराबाळाईले बी! पन तुमी लपवून राह्यले होते, त म्हनलं कायले बोलाचं!"

म्हणजे सबंध वर्षभर तो एका बाजूनं लपवत होता आणि तांडा दुसऱ्या बाजूनं सांभाळून घेत होता. आणि ज्यांना सांभाळून घ्यायचं नव्हतं, ते आपलं काम मिशीतल्या मिशीत बोलून मान हलवून घेत होते. त्यानं उकंडाकडं पाहिलं. उकंडाला तेव्हाच आपण नको तितकं बोलून गेल्याचं कळलं असावं, कारण पलीकडून विक्की उठून उभा राहिला होता.

विक्कीचे ओठ भराभर हलत होते. आणखी दोघं उठले. एकदम सगळेच बोलू लागले. पूनमसिंग या तोंडावरून त्या तोंडावर नजर नेत राहिला आणि काहीच हाती लागेना. मग, जे त्यानं सालभर केलं नव्हतं, ते त्यानं केलं. जवळ भुरीबाई होती, तिला विचारलं.

"काय म्हनून राह्यले?"

भुरीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. क्षणभर वाटलं, ती सांगणार नाही. मग ती समोर येऊन बसली.

"विक्की म्हनते, धुऱ्याचा निकाल पुन्हा करा. तो रद्द हाय."

"आनखी?"

"उकंडा म्हनते, निकाल बरोबर हाय, नायकाले तवा आयकू येत होतं." ती थांबली. "तो कोपऱ्यातला म्हनते, असा नायक कायले ठेवाचा. त्याच्या बाजूचा म्हनते, मंग कोनाले ठेवाचं, तुले? हासून राह्यले." ती काही गाळत नव्हती. गाळावं असं त्याला वाटत होतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

"वकीलबाई?"

"ते म्हनते, न आयकता देल्लेली परवानगी परवानगी होते का नाई, ते पुस्तकात पाहा लागन."

भगवानरावांनी खाकरून चावी उचलली आणि सोनूपुढं धरली. त्यांचा चेहरा पडला होता. रागाच्या भरात केलेलं काम उलटं करताना माणूस दिसतो तसा. सोनू उठला. त्यानं चावीला हात लावला नाही. पूनमसिंगकडं न पाहता काहीतरी म्हणाला आणि ओट्यावरून उतरून निघून गेला.

"काय म्हनला?"

"म्हनला, टोळीत नाव देल्लं हाय. मुकादमानं मानसं मोजून ट्रक ठरवला. आता मांगं येता येत नाई."

"कोनी द्याले लावलं नाव?"

"तुमाले विचारूनच देल्लं होतं," भुरीबाई म्हणाली. हे बोलताना तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तरी त्याला कळलं नसतं, पण तिचा चेहराही चढला नव्हता.

ओट्यावर विक्की आणि उकंडा यांचं जुंपलं होतं, वैष्णवी वहीत काही लिहीत होती, आणि नायकाकडं आता कोणी पाहत नव्हतं. पूनमसिंगनं मशीन सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि गुडघ्यावर हात देऊन उभा राहिला.

"मुकादम कुठं भेटन?"

"दिग्रसच्या नाक्यावर बसते. कायले?"

"सांगतो त्याले. नाव काढ म्हनतो दोघाईचं."

"काय सांगसान?"

"का मले आयकू आलं नोतं म्हनून."

भुरीबाई पहिल्यांदाच हसल्यासारखी झाली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मुकादम आपल्या तांड्याचा नाई, नायक. त्याले तुमच्या कानाशी काय करनं हाय? दोन मानसं कमी पडली त दोन मानसं मांगन तो."

"मांगू दे. काय मांगते ते त पाहू."

"तो बोलन ते तुमाले समजन?"

पूनमसिंगनं मुकादमाला पाहिलं होतं. त्याला मिशी होती, आणि तो पान खायचा.

"नाई समजनार," तो म्हणाला. "तू चाल संगं. मले सांग."

ती जागची हलली नाही. पूनमसिंग वाट पाहत उभा राहिला. चपला घालून, ओट्याच्या पायरीवर, सगळ्यांना दिसेल असा. शेवटी तिनं पदर खोचला, आणि त्याच्याकडं न पाहता खाली उतरून रस्त्याला लागली. तो मागून निघाला. ती भरभर चालायची. उसाच्या फडातली चाल होती. थोडं गेल्यावर तिचा हात हवेत हलला, खांदे हलले. ती काहीतरी बोलत होती, बहुधा मुकादमाला काय सांगायचं ते, किंवा पूनमसिंगला जे आजवर कोणी सांगितलं नव्हतं ते. पाठीमागून त्याला काही कळत नव्हतं. थांब, इकडं तोंड कर, असं भर रस्त्यात बाईमाणसाला सांगायची त्याला लाज वाटली. तो काही पावलं तसाच चालला. मग त्यानं हाक मारली.